रँग्लर परांजप्यांचे मार्क आणि यशाची मोजपट्टी

संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून पायी गेलात तर एक गोष्ट लक्षात येईल. स्पर्धा परीक्षांच्या गाईडच्या गठ्ठ्याला लागूनच यशाच्या पुस्तकांचा गठ्ठा असतो. सवयी, मेंदू, पैसा, दहा हजार तास, सकाळी पाचला उठणं. दोन्ही गठ्ठ्यांचं गिऱ्हाईक एकच. मीही त्यातलीच. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माल्कम ग्लॅडवेल यांचं 'आउटलायर्स' एका रात्रीत वाचून काढलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांना ऐकवलं होतं.

त्याच वर्षी मी आणि माझी रूममेट, दोघींनी एका फेलोशिपची परीक्षा दिली. माझं नाव यादीत शेवटून मोजलं तर पटकन सापडेल असं होतं. ती अगदी थोडक्यात राहिली. तिने अजून एकदा प्रयत्न केला, मग लातूरकडे घरी परत गेली. गेल्या महिन्यात एका कॉलेजात मला 'संशोधनाकडे कसे वळावे' यावर बोलायला बोलावलं. मी चाळीस मिनिटं माझ्या सवयींबद्दल बोलले. रोजचं वेळापत्रक, नोट्स कशा काढायच्या, नापास होण्याची भीती कशी घालवायची वगैरे. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की यातली प्रत्येक सवय तिलाही होती. नोट्स तर मी तिच्याकडूनच शिकले होते.

माझा विषय परीक्षा आणि संख्याशास्त्र यांचा इतिहास आहे. तरी ही साधी चूक मी चाळीस मिनिटं माईकवर करत होते. म्हणून आज तुम्हाला या चुकीचाच इतिहास सांगते. त्याचं एक टोक केंब्रिजमध्ये आहे आणि दुसरं आपल्या फर्ग्युसन रस्त्यावर.

यशाच्या पुस्तकांचे एक आजोबा आहेत, फ्रान्सिस गाल्टन. डार्विनचे नात्यातले भाऊ. 1869 साली त्यांचं 'हेरेडिटरी जीनियस' आलं. मोठी माणसं मोठी का होतात, हा प्रश्न आकडे घेऊन सामान्य वाचकापुढे मांडणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी हे एक. गाल्टन यांचं उत्तर होतं, रक्त. न्यायाधीश, सेनापती, कवी, शास्त्रज्ञ यांच्या याद्या करायच्या आणि त्यांच्या नातेवाइकांत किती नामवंत निघाले ते मोजायचं. नामवंतांचे नातेवाईक नामवंत निघतात, म्हणून बुद्धी वारशाने येते. (वशिला, पैसा आणि ओळखीही वारशाने येतात, हे तुमच्या मनात आलं ना? ते तेव्हाही काही लोकांच्या मनात आलं होतं.)

पण मला त्या पुस्तकातला दुसरा एक पुरावा दाखवायचा आहे. माणसामाणसात बुद्धीचा फरक किती प्रचंड असतो हे सांगायला गाल्टन यांनी केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचे मार्क घेतले. या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' म्हणत, आणि त्यातल्या पहिल्याला 'सीनियर रँग्लर'. परीक्षा आठ दिवस चाले, रोज साडेपाच तास. एकूण मार्क 17,000. गाल्टन यांच्या हातात जी यादी होती तीत सीनियर रँग्लरला साडेसात हजारांच्या वर मार्क होते आणि ऑनर्सच्या यादीतल्या शेवटच्या मुलाला तीनशेसुद्धा नव्हते. म्हणजे जवळजवळ तीसपट. सगळ्यांनी तीच तीन वर्षं तोच अभ्यास केला, परीक्षा निःपक्षपाती, तरी एवढा फरक. मग हा निसर्गाचाच फरक नव्हे का, असा त्यांचा सवाल.

इथे थांबा आणि तुमच्या एफ.वाय.च्या प्रयोगवहीत जा. आज तापमान 30 अंश आहे आणि महाबळेश्वरला 10 अंश, म्हणजे पुण्यात तिप्पट उष्णता आहे असं आपण म्हणतो का? नाही. कारण सेल्सिअसचं शून्य आपण सोयीसाठी ठरवलेलं आहे. मार्कांचं तसंच. शून्य मार्क म्हणजे शून्य बुद्धी नव्हे. पेपर अवघड काढला, वेळ कमी दिला, कठीण प्रश्नांना जास्त मार्क ठेवले, की 'तीसपट'चं साठपट करता येतं. त्यासाठी एकाही मुलाच्या डोक्यात काही बदलावं लागत नाही. वजाबाकी चालते तिथे भागाकार चालेलच असं नाही, एवढी ही गोष्ट आहे. आणि आजही कितीतरी प्रबंधांत लोक 'समाधान निर्देशांक दुप्पट झाला' असं बिनधास्त लिहितात.

दुसरी गोष्ट जास्त मजेदार आहे. 'सगळ्यांनी तोच अभ्यास केला' हे खरं नव्हतं. ट्रायपॉसची तयारी कॉलेजच्या वर्गात होत नसे. ती खाजगी क्लासमध्ये होई. होय, क्लास! फी भरून. एडवर्ड राऊथ नावाचे शिक्षक 1888 पर्यंत हे काम करत होते. त्यांच्याकडे सहाशेहून अधिक मुलं शिकून गेली आणि त्यातले पंचवीसहून जास्त सीनियर रँग्लर झाले. लहान लहान तुकड्या, ठरलेलं वेळापत्रक, वेळ लावून सोडवायचे सरावपेपर. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेतल्या मुलाला राऊथ यांचं वेळापत्रक वाचून घरच्यासारखं वाटेल. एका माणसाच्या हाताखालून इतके 'निसर्गदत्त प्रतिभावंत' लागोपाठ निघतात, तेव्हा संशोधकाने निसर्गाबरोबर त्या माणसाकडेही बघायला हवं होतं. गाल्टन यांना हे माहीत नव्हतं असंही नाही. ते स्वतः केंब्रिजला असताना हॉपकिन्स नावाच्या अशाच एका नामांकित शिक्षकाकडे जात होते. पुढे अभ्यासाच्या ताणाने त्यांची प्रकृती ढासळली आणि ऑनर्सचा नाद सोडून त्यांनी साधी पदवी घेतली. ज्या परीक्षेने आपल्याला मोडलं, तीच पुढे निसर्गाची तराजू म्हणून वापरायची! यामागे काय असेल हा प्रश्न मला कायम पडतो, पण उत्तर पुराव्याने देता येणार नाही, म्हणून सोडून देते.

आणि ही परीक्षा पुढचं काही सांगायची का? 1854 साली राऊथ स्वतः सीनियर रँग्लर होते. त्या वर्षी दुसऱ्या नंबरावर कोण होतं माहितेय? जेम्स क्लर्क मॅक्सवेल. लॉर्ड केल्व्हिन दुसरे. इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन दुसरे. जी. एच. हार्डी 1898 साली चौथे, आणि पुढे ही नंबरांची यादी बंद व्हावी म्हणून हिरिरीने भांडणाऱ्यांत हार्डी पुढे होते. 1909 नंतर नंबर जाहीर करणं थांबलं.

आता हार्डींच्या पुढच्या वर्षी या. 1899. सीनियर रँग्लरच्या जागी यादीत दोन नावं बरोबरीने आहेत. पेंब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल आणि सेंट जॉन्स कॉलेजचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. पहिल्यांदाच एक भारतीय. दापोलीजवळच्या मुर्डी गावात 1876 साली जन्मलेला, फर्ग्युसन कॉलेजचा विद्यार्थी, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेला.

पुण्यासाठी ही बातमी काय असेल याचा अंदाज करा. 1897 चा प्लेग, रँडचा खून, धरपकड, टिळकांना शिक्षा, हे सगळं होऊन जेमतेम दोन वर्षं होत होती. अशा वेळी साहेबाच्या देशात, साहेबाच्या सगळ्यात अवघड परीक्षेत आपला मुलगा पहिला. 'रँग्लर' ही उपाधी मराठीत आडनावाच्या आधी कायमची चिकटली. रँग्लर परांजपे, पुढे रँग्लर महाजनी. आमच्या आजीच्या बोलण्यात 'मोठा रँग्लर लागून गेलास' हे अजून येतं, आणि केंब्रिज कुठे आहे हे तिला ठाऊक नाही.

हा आनंद खरा होता आणि रास्तही होता. पण त्यातली एक खोच बघा. गाल्टन यांच्या त्याच पुस्तकात वंशांची तुलना करणारं एक अख्खं प्रकरण आहे. इंग्रज वर, आफ्रिकन खाली, अशी पायऱ्यांची उतरंड. परांजप्यांच्या निकालाने त्या उतरंडीला तडा गेला असं आपण म्हणतो. पण 'बघा, आमच्यातही आहेत' असं म्हणताना आपण तीच मोजपट्टी मान्य करून तिच्यावर आपली जागा सिद्ध करत असतो. आणि पट्टी एकदा मान्य केली की ती घरात येते. 'कोकणस्थांची बुद्धीच तशी' हे वाक्य तुम्ही पुण्यात ऐकलं असेलच. हे चहाच्या टेबलावरचं गाल्टन आहे. नामवंतांची यादी काढायची, आडनावं बघायची आणि रक्ताला श्रेय द्यायचं. शाळा कोणाला किती पिढ्या आधी उघडल्या, हा रकाना कोरा ठेवायचा.

तो रकाना परांजप्यांपुरता भरून बघू. त्यांचे एक भाऊ होते, नात्याने भाऊ पण वयाने अठरा वर्षांनी मोठे. धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे. गणितात बी.ए., मुंबईत शिकवण्या करणारे. त्यांनी या हुशार मुलाला गावाहून मुंबईला आपल्या घरी आणलं आणि शिकवलं. 1890 साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. टिळक फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. त्या जागेसाठी गोखल्यांनी कर्व्यांना बोलावलं आणि 1891 साली कर्वे पुण्याला आले. परांजपेही याच कॉलेजात शिकले. कॉलेज उघडून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. त्याची सुरुवात 1885 ची. दहा वर्षं आधी जन्मले असते तर हे कॉलेज त्यांना मिळालंच नसतं.

वाचताना मजा वाटली ना? टिळकांचं भांडण, गोखल्यांचं पत्र, कर्व्यांची बदली आणि शेवटी केंब्रिज. मलाही हे जुळवताना फार मजा आली, आणि म्हणूनच सावध झाले. ग्लॅडवेल यांच्या पुस्तकाची जादू हीच आहे. 'तो मुळात हुशार होता' ही गोष्ट मोडून ते 'त्याला संधींची साखळी मिळाली' ही गोष्ट ठेवतात, आणि आपल्याला वाटतं की आता शास्त्र झालं. पण एका माणसावरून बुद्धी सिद्ध होत नाही तशी परिस्थितीही सिद्ध होत नाही. कर्व्यांचे विद्यार्थी शेकड्याने असतील, फर्ग्युसनचेही. ते सगळे सीनियर रँग्लर झाले नाहीत. दहा हजार तासांचंच घ्या. ज्या 1993 च्या अभ्यासावरून तो आकडा आला तो बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांवर होता, आणि दहा हजार ही सगळ्यात चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. सरासरी म्हणजे काहींनी बरेच कमी तास केलेले असणार. अभ्यासाचे मुख्य लेखक अँडर्स एरिक्सन यांनी पुढे स्पष्टच सांगितलं की आमच्या निष्कर्षातून असा नियम निघत नाही. तोवर नियम जगभर पोचला होता.

मग करायचं काय? यादीत जे नाहीत त्यांना शोधायचं. हे सोपं नाही, कारण अपयशाची दप्तरं कोणी जपून ठेवत नाही. तरी कधीकधी एक फट सापडते. कर्व्यांच्या 'आत्मवृत्त' या 1915 च्या पुस्तकात अशी एक आहे. तरुणपणी ते सहावीची परीक्षा द्यायला मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. शंभराहून जास्त मैल, डोंगर ओलांडून, पावसापाण्यात. तिथे समितीने त्यांच्याकडे बघितलं आणि परत पाठवलं. सतरा वर्षं पूर्ण हवी होती, आणि हा मुलगा सतराचा 'दिसत' नव्हता. वय होतं, चेहरा नव्हता. पेपर हातात पडायच्या आधीच निकाल लागला. कर्व्यांनी पुढे कोल्हापूरहून ती परीक्षा दिली आणि ते महर्षी झाले, म्हणून साताऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. चेहरा बघून परत पाठवलेल्या आणि पुन्हा न गेलेल्या मुलांनी आत्मवृत्तं लिहिली नाहीत.

दुसरी फट केंब्रिजमध्येच आहे. 1890 साली, परांजप्यांच्या नऊ वर्षं आधी, फिलिपा फॉसेट या मुलीला ट्रायपॉसमध्ये सीनियर रँग्लरपेक्षा जास्त मार्क पडले. यादी वाचताना तिच्या नावापुढे 'सीनियर रँग्लरच्या वर' एवढंच वाचलं गेलं. ती उपाधी तिला नाही, कारण बाईला ती मिळण्याची सोयच नव्हती. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदव्या दिल्या त्या 1948 साली. म्हणजे 1890 चे सीनियर रँग्लर शोधायला तुम्ही यादी उघडलीत तर पहिला क्रमांक ज्याला दिसतो तो त्या वर्षीचा पहिला नव्हता.

तिसरं उदाहरण पुण्यातलं आणि माझं लाडकं. परांजपे केंब्रिजहून परत आले, मोठ्या पगाराच्या नोकऱ्या बाजूला ठेवून फर्ग्युसनमध्ये आजीव सभासद म्हणून अल्प वेतनावर राहिले, 1902 पासून प्राचार्य झाले. पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, लखनौचे कुलगुरू, ऑस्ट्रेलियात हाय कमिशनर. मोठं आणि उपयोगी आयुष्य, पण गणिताच्या संशोधनातलं नव्हे. कॉलेजात त्यांच्या नावाचं एक गणिताचं बक्षीस होतं. 1927 साली ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला मिळालं. कापरेकर पदवीनंतर देवळालीला शाळामास्तर झाले आणि 1962 साली तिथूनच निवृत्त झाले. केंब्रिज नाही, एम.एस्सी. नाही, प्रयोगशाळा नाही. 1899 हा आकडाच घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. 9981 वजा 1899 म्हणजे 8082. पुन्हा तेच करा, 8820 वजा 0288, 8532. पुन्हा, 8532 वजा 2358, 6174. आता कितीही वेळा करा, 6174 च येतो. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, इथेच येऊन थांबते. हा कापरेकरांचा स्थिरांक. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हे खेळ वाटत होते. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, आणि मग नाव जगभर झालं. 1962 साली कोणी 'फर्ग्युसनचे यशस्वी विद्यार्थी' असा अभ्यास केला असता तर देवळालीचे निवृत्त मास्तर कुठल्या रकान्यात पडले असते? आणि 1976 साली? माणूस तोच, काम तेच. म्हणून प्रपोजल लिहिताना 'यश' हा शब्द आला की लगेच त्यापुढे लिहा, कोणत्या वर्षी मोजलेलं आणि कोणी.

एक धागा राहिला. रँग्लर परांजप्यांच्या घरात त्यांच्या मुलीबरोबर, शकुंतलेबरोबर, आणखी एक मुलगी वाढत होती. वडील ब्रह्मदेशात नोकरीला, ही हुजूरपागेत शिकायला पुण्यात आलेली. इरावती करमरकर. जन्म 1905, कापरेकरांचाच. तीही फर्ग्युसनची. मुंबईला घुर्ये यांच्याकडे तिने एम.ए.चा प्रबंध लिहिला तो चित्पावनांवर. त्याच काळात ती महर्षी कर्व्यांची सून झाली आणि 1928 साली डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेली. ती संस्था मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन या विषयांची. 'सुप्रजनन' या शास्त्राला मूळ इंग्रजी नाव दिलं तेही गाल्टन यांनीच, 1883 साली. तिचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर त्या संस्थेचे संचालक. त्यांनी दिलेला प्रश्न असा, की माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते. तर हा फरक युरोपियनांत जास्त आढळतो का? आढळला तर त्याचा संबंध त्यांच्या वरचढ बुद्धीशी जोडता येणार होता.

तुम्ही गाईडने दिलेल्या विषयावर काम करणार असाल तर तिची जागा नीट डोळ्यापुढे आणा. वय तेवीस-चोवीस. भाषा परकी. पदवी ज्यांच्या सहीवर अवलंबून, त्यांना उत्तर कोणतं हवंय हे सरळ दिसतंय. टेबलावर सुमारे दीडशे कवट्या, त्यातल्या काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या. हातात मोजायचं साधन. आणि हिच्या मागे असं घर, जिथल्या कर्त्या माणसाचं नावच एका मोजपट्टीवरच्या पहिल्या नंबरावरून पडलेलं.

तिने मोजलं. एकेक कवटी, डावी बाजू, उजवी बाजू. फरक सगळीकडे होता, पण वंशाप्रमाणे तो बदलत नव्हता. प्रबंधात तिने तेच लिहिलं आणि फिशर यांच्याकडे दिलं.